डेटाबेस लायब्ररीची नवी आवृत्ती बसवल्यानंतर प्रणाली मंदावली, तर कारण कसे शोधावे

डेटाबेस लायब्ररी अद्ययावत केल्यावर येणारी मंदगतीची तक्रार विशेष त्रासदायक असते, कारण तिच्यात चूक अशी कुठेच दिसत नाही. निकाल बरोबर येतात, चाचण्या उत्तीर्ण होतात, लॉगमध्ये एकही एरर नसते, आणि तरीही काल झटकन उघडणारे पान आज रेंगाळते. अशा वेळी बहुतेकांचा हात दोनपैकी एका उपायाकडे जातो. एक तर जुनी आवृत्ती परत बसवायची किंवा ज्या टेबलावर संशय आहे त्यावर आणखी एक इंडेक्स (शोध जलद करणारी, पण दर लिखाणाला सांभाळावी लागणारी सूची) लावायचा. पहिल्या उपायाने वेळ मिळतो, पण कारण कळत नाही. दुसऱ्याने कधी कधी लक्षण झाकले जाते आणि लिहिण्याची क्रिया मात्र कायमची थोडी जड होते. या मार्गदर्शिकेचा आग्रह एवढाच आहे की वेळ मोजण्याआधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या आज्ञा, मोजाव्यात. एका विनंतीमागे किती क्वेरी गेल्या, त्यांना डेटाबेसच्या आत किती वेळ लागला आणि उरलेला वेळ अनुप्रयोगाच्या बाजूला किती गेला, हे तीन आकडे जुन्या आणि नव्या आवृत्तीसाठी शेजारी-शेजारी मांडले, तर शोधाची दिशा बहुधा तिथेच ठरते.

येथे ‘लायब्ररी’ या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. त्या म्हणजे सर्व्हरशी बोलणारा ड्रायव्हर, वस्तूंचे रूपांतर क्वेरीत करणारा ओआरएम, आणि एसक्यूलाइटसारखे अनुप्रयोगातच बसणारे डेटाबेस इंजिन. तिघांची बिघडण्याची पद्धत वेगळी आहे, परंतु तपासाची सुरुवात सारखीच आहे.

नेमके काय बदलले ते आधी निश्चित करावे

‘आम्ही फक्त एक लायब्ररी बदलली’ हे वाक्य सहसा खरे नसते. पॅकेज व्यवस्थापक एका लायब्ररीबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्या आणखी पाच-सहा गोष्टी पुढे सरकवतो, आणि त्याच संधीचा फायदा घेऊन कोणीतरी भाषेची आवृत्ती किंवा कंटेनरची मूळ प्रतिमाही बदललेली असते. म्हणून जुनी आणि नवी लॉकफाइल (बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) यांची ओळीगणिक तुलना करावी आणि बदललेल्या प्रत्येक नावाची नोंद ठेवावी. पायथॉनमध्ये एसक्यूलाइट वापरत असाल तर भाषेच्या आवृत्तीवरून इंजिनाची आवृत्ती कळत नाही, कारण पायथॉन ज्या लायब्ररीला जोडला गेला आहे तीच वापरतो. ‘सिलेक्ट एसक्यूलाइट व्हर्जन’ ही फंक्शनची क्वेरी चालवूनच खरी आवृत्ती पाहावी. त्यापुढे जाऊन ‘प्रॅग्मा कंपाइल ऑप्शन्स’ ही आज्ञाही दोन्ही ठिकाणी चालवावी, कारण एकाच क्रमांकाच्या दोन बांधण्या वेगवेगळ्या पर्यायांनिशी तयार झालेल्या असू शकतात.

डेटाबेस सर्व्हरही त्याच सुमारास बदलला असेल, तर तो मुद्दा आधी निकालात काढावा. पोस्टग्रेसच्या 18 च्या आधीच्या आवृत्तींत ‘पीजी अपग्रेड’ने स्थलांतर केल्यावर क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरची सांख्यिकी नव्या सर्व्हरवर येत नसे, आणि ‘अ‍ॅनालाइझ’ ही सांख्यिकी गोळा करणारी आज्ञा चालवेपर्यंत इंजिन अंदाजाने प्लॅन (क्वेरी चालवण्याचा मार्ग) बनवत असे. सर्व्हरचा असा दोष ड्रायव्हरच्या माथी मारला गेल्याची शक्यता नेहमी तपासावी.

तुलनेसाठी दोन जागा उभ्या कराव्यात, ज्यांत संशयित लायब्ररीखेरीज सर्व काही एकसारखे असेल. माहितीची प्रत खऱ्या आकाराची असावी. शंभर ओळींच्या चाचणी-टेबलावर वाईटातला वाईट प्लॅनही वेगवान वाटतो. प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातील प्रणालीत) लोक खोळंबले असतील तर जुनी आवृत्ती परत बसवण्यात काही गैर नाही, मात्र त्याआधी मंद अवस्थेतील क्वेरींचा लॉग, प्लॅन आणि कनेक्शनची सेटिंग जपून ठेवावीत, कारण ती नंतर तशीच्या तशी पुन्हा घडवता येतीलच असे नाही.

मोजताना पहिल्या काही फेऱ्या सोडून द्याव्यात, कारण त्यात थंड कॅश आणि नवे कनेक्शन यांचाच वेळ जास्त असतो. जुन्या आवृत्तीच्या सगळ्या फेऱ्या आधी आणि नव्याच्या नंतर, असे करू नये. दोघींच्या फेऱ्या आलटून पालटून घ्याव्यात, म्हणजे यंत्रावर मध्येच आलेला भार एकीच्याच वाट्याला जात नाही. सरासरीवर विसंबू नये. मध्यक आणि 95 वा शततमक (ज्याच्या आत 95 टक्के विनंत्या पूर्ण होतात तो वेळ) दोन्ही पाहावेत, कारण सगळ्याच विनंत्या थोड्या मंदावणे आणि वीसातली एकच विनंती भयंकर मंदावणे या दोन वेगळ्या व्याधी आहेत, आणि सरासरीत त्या सारख्याच दिसतात.

तीन आकडे

पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे विस्तार-मॉड्यूल प्रत्येक प्रकारच्या क्वेरीसाठी ती किती वेळा चालली, एकूण किती वेळ लागला आणि किती ओळी परत गेल्या हे साठवते. चाचणीआधी त्याचे आकडे शून्यावर आणावेत, ठरावीक काम एकदा जुन्या आणि एकदा नव्या लायब्ररीने करावे, आणि दोन्ही तक्ते जतन करावेत. मायएसक्यूएलमध्ये मंद क्वेरींच्या लॉगची वेळमर्यादा शून्यावर ठेवली की तो लॉग प्रत्येक क्वेरी नोंदवू लागतो. चाचणीच्या यंत्रावर हे चालते, प्रॉडक्शनवर फार काळ चालू ठेवू नये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरी स्टोअर हेच काम करते आणि वर जुने प्लॅनही सांभाळून ठेवते. एसक्यूलाइटला सर्व्हर नसल्यामुळे तिथे ट्रेस-फंक्शनला प्रोफाइलचा पर्याय देऊन प्रत्येक विधानाचा वेळ मिळवावा लागतो.

ओआरएमचा स्वतःचा लॉग मी दुय्यम मानतो. जी लायब्ररी संशयित आहे तिच्याच तोंडून साक्ष घेण्यापेक्षा डेटाबेसच्या बाजूने मोजलेले अधिक भरवशाचे असते. ड्रायव्हरने परस्पर पाठवलेल्या, कनेक्शन जिवंत आहे का हे पाहणाऱ्या किंवा व्यवहार उघडणाऱ्या छोट्या आज्ञा ओआरएमच्या लॉगमध्ये पुष्कळदा दिसतच नाहीत.

आता आकडे काय सांगतात ते पाहावे. क्वेरींची संख्या किंवा त्यांचा मजकूर बदलला असेल तर दोष क्वेरी तयार करणाऱ्या थरात आहे. संख्या आणि मजकूर तोच असून डेटाबेसमधला वेळ वाढला असेल तर प्लॅन बदलला आहे. दोन्ही जैसे थे असतील आणि तरीही विनंती मंद असेल, तर वेळ लायब्ररीच्या आत किंवा मधल्या नेटवर्कवर जात आहे.

क्वेरीच बदलली असेल तर

ओआरएमच्या मोठ्या आवृत्तीबदलात हे वारंवार घडते, आणि ते लपूनछपून नव्हे तर जाहीर सूचनेत लिहून घडते. एन्टिटी फ्रेमवर्क कोर या ओआरएमच्या 3.0 आवृत्तीत, 2019 मध्ये, संबंधित संग्रह एकाच क्वेरीत जोडून आणण्याची पद्धत स्वीकारली गेली. एका ग्राहकाच्या 40 ऑर्डर आणि 30 पत्ते सोबत मागितले, तर आधी काही स्वतंत्र क्वेरींमधून एकूण 71 ओळी येत. नव्या पद्धतीत दोन्ही संग्रहांचा गुणाकार होऊन 1,200 ओळी येतात आणि प्रत्येकीत ग्राहकाची माहिती पुन्हा पुन्हा लिहिलेली असते. क्वेरींची संख्या घटलेली पाहून कोणीही सुखावेल, पण ‘किती ओळी परत गेल्या’ हा स्तंभ खरी गोष्ट सांगतो. पुढे 2020 च्या 5.0 आवृत्तीत क्वेरी विभागून पाठवण्याचा पर्याय देण्यात आला, तो याच अडचणीमुळे.

त्याच ओआरएमच्या 8 व्या आवृत्तीने एसक्यूएल सर्व्हरसाठी आणखी एक बदल केला. ‘या यादीतील कोणतेही’ अशा अटीत पूर्वी यादीतील मूल्ये क्वेरीच्या मजकुरातच छापली जात. 8 व्या आवृत्तीत संपूर्ण यादी जेसन स्वरूपात एकाच पॅरामीटरमधून जाऊ लागली. यामुळे यादीची लांबी बदलली की नवा प्लॅन बनवण्याची पाळी येत नाही, हा खरा फायदा आहे. परंतु यादीत तीन मूल्ये आहेत की तीन हजार हे ऑप्टिमायझरला आधी कळत नाही, आणि काही क्वेरींसाठी त्याचा अंदाज चुकतो. म्हणजे हा बदल कोणासाठी वरदान आणि कोणासाठी अडथळा ठरतो, आणि तुमच्या प्रणालीत कोणते हे तुमच्याच मोजणीतून कळते.

क्वेरींची संख्या वाढलेली दिसली तर आधी प्रत्येक ओळीमागे एक अशी वाढ आहे का ते पाहावे. मुख्य क्वेरी 200 ओळी आणते आणि तिच्यामागे एकसारख्या 200 छोट्या क्वेरी जातात, असे दिसले तर एखादा संबंध आधी सोबत आणला जात होता तो आता गरज पडेल तेव्हा आणला जाऊ लागला आहे. आधीच आणण्याची सूचना कोडमध्ये स्पष्ट लिहिणे हाच त्यावरचा उपाय. लायब्ररीच्या मूळ वागणुकीवर विसंबून राहिल्यामुळेच ही वेळ आलेली असते.

गठ्ठ्याने लिहिण्याच्या कामात वेगळाच प्रकार आढळतो. मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्ये अनेक ‘इन्सर्ट’ एकत्र करून पाठवण्याची सेटिंग मुळात बंद असते आणि कनेक्शनच्या ओळीत लिहून ती चालू करावी लागते. आवृत्ती बदलताना ती ओळ नव्याने लिहिली गेली आणि हा एक शब्द गळाला, तर हजार ओळींचा गठ्ठा पुन्हा एकेक करून जाऊ लागतो. लायब्ररी निर्दोष असते. तिच्या आगमनाच्या गडबडीत सेटिंग हरवलेली असते. माझ्या मते ही शक्यता सर्वांत आधी तपासावी, कारण ती तपासायला सर्वांत कमी वेळ लागतो.

क्वेरी तीच, पण डेटाबेसमध्ये मंद

येथे पहिला नियम असा की हाताने चालवलेली क्वेरी आणि लायब्ररीने चालवलेली क्वेरी एकच आहे असे गृहीत धरू नये. लॉगमधला मजकूर उचलून, त्यात मूल्ये भरून, कन्सोलवर चालवली की ती वेगाने धावते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. फरक पॅरामीटर पाठवण्याच्या पद्धतीत असतो.

पायथॉनच्या सायकॉपजी 2 या ड्रायव्हरमध्ये मूल्ये क्लायंटच्या बाजूलाच क्वेरीच्या मजकुरात गुंफली जात. सायकॉपजी 3 मध्ये ती मुळातच वेगळी पाठवली जातात, आणि एकच क्वेरी पाचपेक्षा जास्त वेळा चालली की ड्रायव्हर ती सर्व्हरवर आधीच तयार करून ठेवतो. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरचाही असाच उंबरठा आहे. सर्व्हर मग अशा तयार क्वेरीसाठी पहिल्या पाच फेऱ्या प्रत्येक मूल्याला साजेसा प्लॅन बनवतो, आणि त्यानंतर खर्चाची तुलना करून सर्व मूल्यांसाठी एकच सर्वसाधारण प्लॅन वापरायचा का ते ठरवतो. ज्या स्तंभात एक मूल्य लाखो ओळींत आणि दुसरे दहा-बारा ओळींत आहे, तिथे हा सर्वसाधारण प्लॅन घातक ठरू शकतो. याचे ओळखचिन्ह सोपे आहे. नव्या कनेक्शनवर पहिल्या काही फेऱ्या वेगवान असतात आणि नंतर तीच क्वेरी, त्याच मूल्यांनिशी, अचानक मंदावते. पोस्टग्रेस 12 पासून ‘प्लॅन कॅश मोड’ या सेटिंगने सर्व्हरला दर वेळी खास प्लॅन बनवायला भाग पाडता येते; ती बदलताच वेग परतला तर निदान पक्के झाले. 16 व्या आवृत्तीपासून प्लॅन दाखवणाऱ्या ‘एक्सप्लेन’ आज्ञेला सर्वसाधारण प्लॅनही दाखवायला सांगता येते. लायब्ररीच्या हातून गेलेल्या क्वेरीचा खरा प्लॅन पकडायचा असेल तर ‘ऑटो एक्सप्लेन’ हे मॉड्यूल चालू करावे. ते ठरावीक वेळेपेक्षा जास्त लागलेल्या क्वेरींचे प्लॅन थेट लॉगमध्ये लिहिते.

पॅरामीटरचा प्रकार हा दुसरा संशयित. एसक्यूएल सर्व्हरचा जावा ड्रायव्हर मजकुराची मूल्ये मुळात युनिकोड प्रकारात पाठवतो. स्तंभ साध्या मजकूर-प्रकाराचा असेल तर तुलनेसाठी स्तंभाचेच रूपांतर करावे लागते, आणि काही कोलेशनमध्ये (मजकुराच्या तुलनेच्या नियमांत) त्यामुळे इंडेक्समध्ये नेमकी उडी मारण्याऐवजी तो सगळा चाळावा लागतो. प्लॅनमध्ये अप्रत्यक्ष रूपांतराची नोंद दिसली की शोध संपला असे समजावे. पूर्णांकाच्या स्तंभाशी दशांश मूल्य किंवा तारखेच्या स्तंभाशी वेळेसह तारीख अशा जोड्याही याच नजरेने तपासाव्यात.

एसक्यूलाइटची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे लायब्ररी बदलणे म्हणजे ऑप्टिमायझरच बदलणे. 2013 मध्ये 3.8.0 आवृत्तीबरोबर त्यात नव्या पिढीचा क्वेरी-नियोजक आला आणि बहुसंख्य क्वेरी अधिक वेगवान झाल्या, परंतु एसक्यूलाइटचा स्वतःचा कोड ज्या फॉसिल या प्रणालीत ठेवला जातो तिच्याच काही क्वेरी या बदलानंतर मंदावल्या, हे त्या प्रकल्पाने आपल्या दस्तऐवजात उघडपणे नोंदवले आहे. मूळ अडचण माहितीच्या विषम वाटपाची होती: काही खुणा बहुतेक नोंदींवर आणि काही अगदी मोजक्या नोंदींवर होत्या, आणि नियोजकाला हा फरक ठाऊक नव्हता. नियोजक जितका हुशार, तितका तो दिलेल्या माहितीवर जास्त अवलंबून असतो, त्यामुळे माहिती चुकीची असेल तर त्याची चूकही मोठी होते. एसक्यूलाइट देत असलेली प्लॅन-स्थैर्याची हमीसुद्धा इंजिनाची आवृत्ती तीच असेपर्यंतच लागू होते, हे लक्षात ठेवावे.

तपासाची रीत अशी आहे. दोन्ही आवृत्त्यांत ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ चालवावे आणि निकाल शेजारी ठेवावेत. टेबलांचा क्रम बदलला आहे का, ‘सर्च’च्या (नेमका शोध) जागी ‘स्कॅन’ (सगळे चाळणे) आले आहे का, तात्पुरता स्वयंचलित इंडेक्स किंवा क्रमवारीसाठी तात्पुरता बी-ट्री दिसतो का, एवढेच पाहायचे असते. त्यानंतर ‘अ‍ॅनालाइझ’ चालवून पुन्हा पाहावे. सांख्यिकीचे टेबल मुळातच नसणे किंवा माहिती कोवळी असताना बनवलेले असणे, ही दोन्ही कारणे नेहमीची आहेत. एवढ्याने भागले नाही तर ‘लाइकलिहुड’ किंवा ‘अनलाइकली’ या फंक्शननी अटीची शक्यता कळवावी, आणि तरीही न जमल्यास अटीतील स्तंभापुढे अधिकचे चिन्ह लावून तो इंडेक्स त्या अटीपुरता बाद करावा. हा शेवटचा उपाय कोडमध्ये टिप्पणीसह लिहावा, नाहीतर पुढचा माणूस ते चिन्ह निरर्थक समजून पुसून टाकील.

प्लॅन तोच आणि लिहिणेच मंद असेल तर कनेक्शनची सेटिंग पाहावीत. एसक्यूलाइटमध्ये वॉल जर्नल-पद्धत (बदल आधी वेगळ्या लॉग-फाइलमध्ये लिहिण्याची) डेटाबेस-फाइलमध्ये कायम राहते, मात्र ‘सिंक्रोनस’ (डिस्कवर लिहिले गेल्याची किती खात्री करायची ते ठरवणारी) आणि कॅशचा आकार ही सेटिंग प्रत्येक कनेक्शनवर नव्याने द्यावी लागतात. वेष्टन-लायब्ररी पूर्वी ती गुपचूप देत असेल आणि आता देत नसेल, तर प्रत्येक व्यवहारामागे डिस्कवर वाट पाहण्याची वेळ वाढते.

डेटाबेस निर्दोष, तरीही मंद

या वाटेवर प्रोफायलरशिवाय पुढे जाऊ नये. वेळ सीपीयूवर जात आहे की वाट पाहण्यात, हे त्याच्या एका आलेखात कळते.

सीपीयूवर जात असेल तर दोन ठिकाणे आधी पाहावीत. सायकॉपजी 3 शुद्ध पायथॉनमध्येही चालतो आणि सी भाषेतील वेगवान भाग मिळाला नाही तर मुकाट्याने शुद्ध पायथॉनवर येतो. मोठे निकाल वाचताना तो फरक जाणवतो. कंटेनरची मूळ प्रतिमा बदलल्यावर हे घडण्याची शक्यता वाढते. दुसरे ठिकाण एसक्यूएल-अल्केमी या पायथॉनमधील ओआरएमच्या 1.4 आवृत्तीत, 2021 मध्ये, आलेल्या क्वेरी-कॅशचे आहे. तुम्ही स्वतः बनवलेल्या स्तंभ-प्रकारात ‘कॅश ओके’ हा गुणधर्म दिलेला नसेल, तर तो प्रकार वापरणारी प्रत्येक क्वेरी दर वेळी नव्याने रचली जाते. लायब्ररी याची ताकीद देते, आणि इको-लॉगमध्ये अशा क्वेरीपुढे ‘नो की’ असे लिहिलेले दिसते; पण ताकिदी दडपून ठेवण्याची सवय असलेल्या प्रकल्पात ती कोणाच्या नजरेस पडत नाही.

वाट पाहण्यात जात असेल तर फेऱ्या मोजाव्यात. ओरॅकलचा जावा ड्रायव्हर मुळात एका खेपेत 10 ओळी आणतो. 10,000 ओळींच्या निकालासाठी त्याला सुमारे 1,000 फेऱ्या माराव्या लागतात, आणि एका फेरीला 1 मिलिसेकंद लागत असेल तर निव्वळ ये-जा करण्यात एक सेकंद जातो. विकसकाच्या यंत्रावर डेटाबेस शेजारीच असल्यामुळे हे कधीच दिसत नाही. तसेच पूलमधून (पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातून) कनेक्शन मिळेपर्यंतचा वेळ आणि नवे कनेक्शन उघडण्याचा वेळ वेगळा नोंदवावा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल-क्लायंट लायब्ररीत 4.0 पासून एन्क्रिप्शन मुळातच चालू झाले. पूल नीट वापरला जात असेल तर त्याचा भार नगण्य असतो, परंतु प्रत्येक विनंतीला नवे कनेक्शन उघडणाऱ्या प्रणालीत तो जाणवू शकतो.

कारण तरीही सापडत नसेल तर

मग मधल्या आवृत्त्या तपासाव्यात. जुनी चांगली आणि नवी वाईट यांच्यामधली आवृत्ती घ्यावी, मोजावे, आणि शोधाचा पल्ला निम्मा करावा. लायब्ररीचा कोड उघड असेल तर ‘गिट बायसेक्ट’ हेच काम एकेका बदलापर्यंत नेते. 100 बदलांमधून दोषी बदल सात पायऱ्यांत सापडतो. त्यासाठी मंदगती दाखवणारी छोटी, स्वतंत्र आज्ञावली लागते, जिच्यात टेबल, कृत्रिम माहिती आणि एकच क्वेरी एवढेच असते. ही आज्ञावली लिहितानाच अर्ध्या वेळा कारण उलगडते, कारण अनावश्यक भाग काढता काढता ज्या ओळीने मंदगती नाहीशी होते ती ओळच आरोपी असते. लायब्ररीच्या देखभालकर्त्यांकडे तक्रार नेताना हीच आज्ञावली, दोन्ही आवृत्त्यांचे प्लॅन आणि मोजमाप सोबत द्यावे.

जुन्या आवृत्तीवर थांबण्याचा निर्णय झाला तर तो आवृत्तीक्रमांक लॉकफाइलमध्ये कारणासह नोंदवावा आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या शाखेला अजून मिळतात का ते तपासावे; मिळत नसतील तर तिथे फार काळ राहता येत नाही. दुरुस्ती झाली असेल, तर त्याच मोजणीची एक चाचणी लिहून ठेवावी. जँगो या पायथॉनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये ठरावीक कामाला नेमक्या किती क्वेरी लागाव्यात हे तपासणारी सोय तयारच आहे, आणि इतर ठिकाणी क्वेरी मोजणारा छोटा श्रोता लिहायला फारसे कष्ट पडत नाहीत. वेळेची मर्यादा घालणाऱ्या चाचण्या यंत्राच्या भारानुसार कारण नसताना नापास होतात, क्वेरींच्या संख्येची चाचणी तशी होत नाही.